रंगीत तालमीची नोंद व तिचे पुनर्दर्शन : युद्धपटापासून यवतमाळपर्यंत

१. विषयप्रवेश

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे घडून गेलेल्या घटनांची कागदपत्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु जे घडलेच नाही, अशाही घटनांची कागदपत्रे असतात, आणि ती बनावट नसतात. शत्रू नसता झालेली लढाई, पाणी नसता आलेला पूर, वायू नसता झालेली वायुगळती यांचे अहवाल, नकाशे, वेळांची टिपणे आणि अलीकडे संगणकातील नोंदी सैनिकी व शासकीय दप्तरांत साठत आल्या आहेत. व्यवहारात आपण ज्यास रंगीत तालीम म्हणतो, तिचा हा दप्तरी अवशेष होय.

प्रस्तुत निबंधात या अवशेषाचा इतिहास पाहावयाचा आहे. तालीम चालू असता तिची क्षणाक्षणाची नोंद ठेवणारे आणि ती संपल्यावर तोच प्रसंग पडद्यावर पुन्हा उलगडून दाखविणारे सॉफ्टवेअर ही या इतिहासाची आजची अवस्था आहे. तिच्या मागे सुमारे दोनशे वर्षांची परंपरा आहे. ती तपासताना एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की, नोंदीचे साधन ज्या प्रसंगासाठी घडविले जाते, त्या प्रसंगाचे कालमान व त्याचा नकाशा ते साधन सदैव आपल्याबरोबर वागविते. रणगाड्यांच्या लढाईसाठी घडलेली नोंदपद्धती लढाईसारखी संकटे चांगली पाहू शकते. इतर संकटे तिच्या नजरेतून निसटतात.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले व शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. या आपत्तीला ठरावीक घटनास्थळ नव्हते, तसा ठरावीक क्षणही नव्हता. अशा आपत्तीची तालीम घ्यावयाची झाल्यास तिची नोंद कशी असावी, हे निबंधाच्या अखेरीस पाहावयाचे आहे.

२. पट व पंच

लढाईचे प्रतिरूप पटावर मांडण्याची कल्पना आपल्या देशास नवी नाही. चतुरंग या नावातच सेनेची चार अंगे आहेत. तथापि खेळ आणि खेळाची नोंद या दोन भिन्न गोष्टी होत. चाली लिहून ठेवण्याची सोय झाल्यावरच डाव हा अभ्यासाचा विषय बनतो. कारण लिहिलेला डाव खेळाडूंच्या पश्चातही मांडता येतो आणि तो कोठे बिघडला ते दाखविता येते. या दृष्टीने त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर १८१४ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाले, ही घटना लक्षणीय आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात देशी खेळातील विद्या छापील नोंदीच्या रूपाने अन्य भाषिकांच्या हाती गेली.

त्याच सुमारास प्रशियात युद्धपटाचा उदय होत होता. थोरल्या राइसवित्झ यांनी १८१२ मध्ये आपला पट प्रशियाच्या राजास सादर केला. त्यांच्या चिरंजीवांनी १८२४ मध्ये त्यास नियमबद्ध रूप दिले आणि सेनापतिकार्यालयाचे प्रमुख म्युफलिंग यांच्या शिफारशीमुळे तो सैन्यात रूढ झाला. या खेळात चौकोनांची जागा खऱ्या भूप्रदेशाच्या मोठ्या प्रमाणावरील नकाशाने घेतली. एक फेरी म्हणजे प्रत्यक्षातील दोन मिनिटे, असे कालमान ठरले. दोन्ही पक्ष आपले हुकूम लिहून पंचाकडे देत. पंच फाशांच्या व कोष्टकांच्या आधारे परिणाम ठरवी आणि प्रत्येक पक्षास त्याला दिसू शकेल तेवढेच सांगे.

या रचनेत नोंदीची दोन बीजे आहेत. लेखी हुकुमांमुळे कोणाच्या मनात काय होते, याचा पुरावा उरतो. दोन मिनिटांच्या फेऱ्यांमुळे प्रत्येक घटनेस काळाच्या सरळ रेषेवर जागा मिळते. परंतु संपूर्ण चित्र केवळ पंचाच्या ठायी असे. १८७६ मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नुआ यांनी क्लिष्ट कोष्टके बाजूस सारून अनुभवी पंचाच्या निर्णयास प्राधान्य दिले. त्यामुळे खेळ सुटसुटीत झाला, परंतु नोंद अधिकच पंचाच्या स्मृतीवर व अधिकारावर अवलंबून राहिली.

हे अवलंबन किती महाग पडू शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण १९४२ च्या मे महिन्यातील आहे. मिडवेच्या मोहिमेपूर्वी जपानी आरमाराने ‘यामातो’ या युद्धनौकेवर युद्धपट मांडला. ओकुमिया हे पंच होते. त्यांच्या निर्णयानुसार शत्रूच्या विमानांचे नऊ बाँब लागून ‘आकागी’ व ‘कागा’ या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. रिअर ॲडमिरल उगाकी यांनी नऊचे तीन केले. मग ‘कागा’ तेवढी बुडाली, आणि पुढील टप्प्यात तीही पुन्हा तरंगती करण्यात आली. जून महिन्यात प्रत्यक्ष लढाईत या दोन्ही नौका, आणखी दोन नौकांसह, बुडाल्या. हा वृत्तान्त ओकुमिया हे ज्याचे एक लेखक आहेत अशा ग्रंथातून आपणांस मिळतो, आणि त्यावरून कितपत निष्कर्ष काढावा याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या विषयापुरता बोध मात्र निर्विवाद आहे. निर्णय बदलण्याचा अधिकार वरिष्ठास असू शकतो. परंतु मूळ निर्णय व झालेला बदल ही दोन्ही नोंदीत राहिली नाहीत, तर तालमीतून शिकण्याजोगे काही उरत नाही.

३. यंत्राची रेषा आणि माणसाची साक्ष

पंचाच्या स्मृतीस पर्याय म्हणून यंत्राने केलेली नोंद प्रथम विमानविद्येत आली. एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थांनी १९२९ मध्ये जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणारे यंत्र तयार केले. शिकाऊ वैमानिक झाकलेल्या कोठडीत बसून उपकरणांच्या आधारे विमान ‘चालवी’, आणि बाहेर शिक्षकाच्या टेबलावर पसरलेल्या नकाशावर तीन चाकांचे एक लहान उपकरण आपोआप सरकत शाईने मार्ग रेखाटी. त्याच्या चालीवरून त्यास ‘खेकडा’ म्हणत. तास संपल्यावर शिक्षक व शिष्य दोघेही त्या रेषेवर बोट ठेवून बोलू शकत. वादाचा विषय ‘तू काय केलेस’ हा न राहता ‘येथे वळलास तो का’ हा झाला. पुनर्दर्शनाच्या सॉफ्टवेअरची मूळ प्रेरणा याहून वेगळी नाही.

परंतु खेकड्याची रेषा ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ते माणसाच्या मुखातूनच मिळवावे लागते. नोव्हेंबर १९४३ मध्ये पॅसिफिकमधील माकिन बेटावर एस. एल. ए. मार्शल या अमेरिकन सैन्यातील इतिहासकाराने लढाईतून परतलेल्या तुकडीस एकत्र बसवून, हुद्द्याचा मुलाहिजा न ठेवता, सर्वांस क्रमाने बोलते केले. एकाच्या कथनातील खिंडारे दुसऱ्याच्या कथनाने भरून निघाली. पुढे ज्यास कार्योत्तर आढावा म्हणू लागले, त्याचे एक मूळ येथे आहे. काय व्हावयाचे होते, काय झाले, ते तसे का झाले आणि पुढे काय सुधारावे, हे त्याचे चार प्रश्न आज सर्वत्र रूढ आहेत.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या कथेचा उत्तरार्धही ध्यानी घ्यावा. मार्शल यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, लढाईत प्रत्यक्ष गोळी झाडणारे सैनिक चौथ्या हिश्शाहून अधिक नसतात. या प्रमाणावर प्रशिक्षणाची धोरणे बेतली गेली. १९८८ मध्ये रॉजर स्पिलर यांनी दाखवून दिले की, अशी मोजणी पद्धतशीरपणे केल्याचा पुरावा मार्शल यांच्या टिपणांत आढळत नाही. साक्षी घेतल्या गेल्या होत्या. परंतु निष्कर्ष तपासून पाहता येईल असे दप्तर मागे उरले नव्हते.

४. संगणकीय नोंदक

यंत्राची रेषा व माणसाची साक्ष यांचा मेळ घालण्याचा मोठा प्रयत्न १९८० नंतरच्या दशकात झाला. कॅलिफोर्नियातील फोर्ट अर्विन येथील प्रशिक्षण केंद्रात शस्त्रांवर लेसर बसवून खऱ्या भूमीवर कृत्रिम लढाया होऊ लागल्या आणि वाहनांच्या स्थिती दूरवरून टिपल्या जाऊ लागल्या. १९८३ मध्ये जॅक थॉर्प यांच्या पुढाकाराने ‘सिमनेट’ या योजनेस आरंभ झाला. तिच्यात रणगाड्यांची अनेक प्रतिरूप-यंत्रे संगणकजालाने जोडली गेली आणि परस्परांपासून दूर बसलेले सैनिक एकाच काल्पनिक रणभूमीवर लढू लागले.

या जालाच्या रचनेतच नोंदीची गुरुकिल्ली होती. येथे सर्वांवर देखरेख करणारा मध्यवर्ती पंच-संगणक नाही. प्रत्येक यंत्र आपली जागा, दिशा व वेग यांचा छोटासा संदेश सर्वांस पाठविते. प्रत्येक वेळी संदेश पाठविल्यास जाल तुंबेल. म्हणून प्रत्येक यंत्र इतरांच्या मागील गतीवरून त्यांची सद्यःस्थिती अनुमानाने काढीत राहते. स्वतःची खरी स्थिती या अनुमानापासून ठरावीक मर्यादेपलीकडे ढळली, तरच ते नवा संदेश धाडते. मात्र काहीच बदलले नाही तरी ठरलेल्या मुदतीने ‘मी येथे आहे’ एवढे कळवावेच लागते. यामागील तत्त्वे १९९३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभियांत्रिकी मानकात समाविष्ट झाली, आणि त्यात ही मुदत सामान्यतः पाच सेकंदांची धरलेली आहे.

नोंदक हा या जालावरील एक मूक श्रोता होय. तो स्वतः काही करीत नाही. येणारा प्रत्येक संदेश वेळेच्या शिक्क्यासह साठवितो. पुनर्दर्शनाच्या वेळी तेच संदेश त्याच अंतराने जालावर सोडले जातात, आणि पाहणाऱ्या यंत्रांना लढाई पुन्हा होत असल्याचा भास होतो. पाहणारा अदृश्य राहून रणभूमीवर कोठेही फिरू शकतो, काळ थांबवू शकतो किंवा मागे नेऊ शकतो.

येथे एक भेद ध्यानी ठेवणे अवश्य आहे. पुनर्दर्शन म्हणजे पुनःप्रयोग नव्हे. साठविलेले संदेश पुन्हा सोडल्याने जे झाले तेच दिसते. ‘तो डावीकडे वळला असता तर’ या प्रश्नास त्यात उत्तर नाही. त्यासाठी त्या क्षणाची संपूर्ण स्थिती जपून तेथून तालीम नव्याने चालवावी लागते. पहिले कार्य बखरकाराचे, तर दुसरे तर्काचे आहे. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसत असल्यामुळे त्यांची गल्लत होण्याचा धोका मोठा असतो.

हे तंत्र खऱ्या लढाईसही लावले गेले. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी दक्षिण इराकच्या वाळवंटात ‘७३ ईस्टिंग’ या नावाने ओळखली जाणारी रणगाड्यांची लढाई झाली. त्यानंतर अभ्यासकांच्या पथकाने लढणाऱ्यांच्या मुलाखती, ध्वनिमुद्रणे, जमिनीवरील खुणा व आकाशातून घेतलेली छायाचित्रे जुळवून लढाईची पुनर्रचना केली आणि ती जालावर उलगडता येईल अशा रूपात तयार केली. विविध साधनांचा मेळ घालून एक कथन उभे करणे हे इतिहासकाराचेच काम होय. येथे ते पडद्यावर झाले. मात्र ग्रंथात ज्या जागी लेखक ‘बहुधा’ असे लिहील, त्या जागीही पडद्यावर रणगाडा निश्चित एका ठिकाणी दाखवावाच लागतो. शंका दाखविण्याची सोय चित्रात नसते.

यंत्राने नोंद केली तरी पंचाचा जुना प्रश्न सुटला नाही. २००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने ‘मिलेनियम चॅलेंज’ हा प्रचंड खर्चाचा अभ्यास केला. प्रतिपक्षाचे नेतृत्व करणारे निवृत्त सेनाधिकारी पॉल व्हॅन रायपर यांनी विद्युत्संदेश टाळून मोटारसायकलवरील जासुदांचा मार्ग अवलंबिला आणि आरंभीच नौदलाच्या अनेक नौका बुडविल्या. नौका पुन्हा तरंगत्या केल्या गेल्या, प्रतिपक्षावर बंधने आली आणि व्हॅन रायपर यांनी मध्येच आपली भूमिका सोडली. साठ वर्षांपूर्वी ‘यामातो’वर घडले, त्याचेच हे आधुनिक रूप होते.

५. महाराष्ट्रातील तालीम

युद्धातील ही परंपरा नागरी जीवनात आणणाऱ्या आपल्याकडील संस्थांत नागपूरचे स्थान महत्त्वाचे आहे. १९५७ मध्ये तेथे आपत्कालीन साहाय्याचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था स्थापन झाली. पुढे ती राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेली. विदर्भाच्या भूमीवर अशा रीतीने तालमीची विद्या पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली आहे.

कायद्याच्या क्षेत्रात भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेने वळण दिले. धोकादायक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांत, पुढील दुरुस्त्यांसह, असे बंधन आहे की, मोठा धोका संभवणाऱ्या कारखान्याने आपल्या आवारातील आपत्कालीन योजनेची तालीम दर सहा महिन्यांनी घ्यावी व तिचा सविस्तर अहवाल संबंधित अधिकाऱ्यास उपलब्ध करून द्यावा. आवाराबाहेरील योजनेची तालीम वर्षातून एकदा तरी व्हावी. येथे तालमीइतकेच तिच्या लेखी अवशेषासही कायद्याने महत्त्व दिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती-योजनांचे काम सुरू झाले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण निर्माण केले. २७ डिसेंबर २०२२ रोजी कोविडच्या पूर्वतयारीसाठी देशभरच्या रुग्णालयांत एकाच दिवशी तालीम झाली. ७ मे २०२५ ची नागरी संरक्षणाची तालीम तर अनेकांच्या स्मरणात ताजी असेल. तीसाठी निवडलेल्या महाराष्ट्रातील ठिकाणांत मुंबई, उरण, तारापूर, नाशिक, मनमाड, भुसावळ अशी नावे होती. शत्रूच्या हल्ल्याचा विचार करता बंदरे, अणुकेंद्रे व रेल्वेची मोठी स्थानके प्रथम यावीत, हे स्वाभाविक होते. यवतमाळ त्या यादीत नव्हते.

६. यवतमाळचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५०० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. पूर्वी वणी या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या मध्ये पसरलेला आहे. सोळा तालुके, कपाशीची शेती, बंजारा समाजाचे तांडे आणि कोलामांचे पोड हे त्याचे स्वरूप होय. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यास पुराने वेढले, तेव्हा सुटकेसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली. अशा आपत्तीस स्थान आहे, प्रहर आहे, आरंभ व अंत आहे. तिची तालीम घेऊन, नावा व पथके यांच्या हालचाली नोंदवून, त्यांचे पुनर्दर्शन करता येईल. लढाईसाठी घडलेले साधन येथे फारशा बदलाशिवाय चालते.

२०१७ ची विषबाधा याहून सर्वस्वी निराळी होती. तिचा नकाशा काढू गेल्यास एक घटनास्थळ सापडत नाही. दूरदूरच्या शिवारांत पाठीवर पंप घेतलेली माणसे दिसतात. तिचे घड्याळ मिनिटांचे नसून आठवड्यांचे होते. रसायने तीच धोकादायक. परंतु कारखान्याच्या कुंपणासाठी रचलेली तालमीची बंधने शेताच्या बांधावर लागू होत नाहीत. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमात, विषबाधेच्या घटना कळविण्याचे बंधन विशिष्ट व्यक्तींवर घालण्याचा अधिकार राज्यशासनास दिलेला आहे. म्हणजे नोंदीची कल्पना कायद्यात होती. कमी होती ती सुट्या नोंदी एका काळरेषेवर मांडून पाहण्याच्या सवयीची.

येथे सिमनेटमधील संदेशांचा नियम आठवावा. अनुमानापासून मर्यादेबाहेर ढळले, तरच संदेश पाठवावयाचा. आपले प्रशासनही बहुधा याच रीतीने चालते. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फवारणी करणारा एक मजूर मळमळ व घेरी यांची तक्रार घेऊन आला, तर ती घटना त्या केंद्राच्या अपेक्षेबाहेरची नसते. हंगामात असे होतेच. दुसऱ्या केंद्रातही एकच येतो. प्रत्येक नोंद मर्यादेच्या आत, पण सर्वांची बेरीज मर्यादेच्या फार पलीकडे. जालाच्या रचनाकारांनी यावर उपाय योजिला होता. काहीही घडले नसले तरी ठरल्या मुदतीने कळवावयाचे. साथीच्या रोगांच्या सर्वेक्षणात शून्य रुग्णांचाही अहवाल मागण्याची जी पद्धत आहे, तिचे तत्त्व हेच होय. मौन म्हणजे सर्व क्षेम, असे गृहीत धरावयाचे नाही.

म्हणून यवतमाळसारख्या जिल्ह्यात तालीम व तिची नोंद आखताना तीन गोष्टींचा विचार अवश्य वाटतो. पहिली, कालमान. फवारणीच्या हंगामाची तालीम दोन तासांत पुरी होणार नाही. ती काही आठवडे चालावी आणि पुनर्दर्शनात ते आठवडे काही मिनिटांत आटोपून पाहता यावेत, म्हणजे विखुरलेले ठिपके एकत्र येताना दिसतील. दुसरी, नोंदीचा विषय. येथे रणगाड्याच्या जागी निरोप आहे. कृषी सहायकाने, आशा सेविकेने किंवा पोलीस पाटलाने दिलेला इशारा पोडापर्यंत केव्हा पोहोचला, तो मराठीत होता की कोलामीत अथवा बंजारा बोलीत, आणि ऐकणाऱ्यास त्याचा काय अर्थ कळला, हे नोंदले गेले पाहिजे. व्हॅन रायपर यांच्या जासुदांप्रमाणे गावातील निरोपही जालाबाहेरून जातात. त्यांची नोंद माणसानेच घ्यावी लागेल. तिसरी, साक्ष. पडद्यावरील चित्र दाखविल्यावर फवारणी करणाऱ्या मजुरास, हुद्द्याचा मुलाहिजा न ठेवता, प्रथम बोलू द्यावे. हातमोजे का घातले नाहीत, याचे उत्तर कोणत्याही नोंदकात सापडणार नाही.

७. समारोप

या विवेचनावरून असे दिसते की, पंचाचे टिपण, खेकड्याची रेषा, तुकडीची साक्ष आणि संगणकीय नोंदक ही एकमेकांस हटवून आलेली साधने नसून एकमेकांची उणीव भरणारी साधने आहेत. नवे साधन अधिक टिपते. परंतु काय टिपावयाचे, हे आधीच कोणीतरी ठरविलेले असते, आणि तो निर्णय पडद्यावर दिसत नाही. तो शोधून काढणे हे साधनचिकित्सेचे काम आहे. इतिहास-विभागातील विद्यार्थ्यांस हे काम परके नाही. आपल्या जिल्ह्यांतील तालमींचे अहवाल, त्यांच्या मूळ आखण्या व मागाहून झालेले फेरफार जतन करणे आणि तालमीने काय पाहिले, त्याबरोबरच तिला काय दिसू शकले नाही, हे विचारणे एवढे जरी साधले, तरी न घडलेल्या घटनांची ही दप्तरे घडणाऱ्या घटनांच्या वेळी काही माणसांच्या उपयोगी पडतील.